बस-मेट्रोचं कार्ड, त्याची अनामत आणि अडकलेली शिल्लक: ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचे अनुभव सांगा

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी,

आमच्या इमारतीत घरकामाला येणाऱ्या दोन ताई दिघ्याहून लोकलने ठाण्याला उतरतात आणि स्टेशनवरून बस धरतात. सुट्ट्या पैशांवरून रोज कटकट नको म्हणून दोघींनी कार्ड काढलं. काउंटरवर पैसे मोजून दिले, कार्ड हातात आलं आणि पहिल्यांदा वापरलं तेव्हा कळलं की भरलेल्या पैशांतले बरेच पैसे कार्डावर आलेलेच नाहीत. पावती मिळाली नव्हती. मी त्यांच्याबरोबर जाऊन चौकशी केली. एक जण म्हणाला, "ती अनामत आहे, कार्ड परत केलंत की मिळेल." त्याच्या शेजारी बसलेला म्हणाला, "ती कार्डाची किंमत आहे, ती कशी परत मिळणार?" एकाच टेबलावर दोन उत्तरं.

ते काउंटर कुणाचं होतं हे मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका काउंटरपुरता नाही. आपल्या भागात ठाण्याची बससेवा टीएमटी १९८९ पासून आहे, नवी मुंबईची एनएमएमटी १९९६ पासून. त्याच रस्त्यांवर बेस्टच्याही गाड्या धावतात. लोकल आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली आणि घोडबंदर रस्त्यावर मेट्रो ४ चं काम डोळ्यांसमोर उभं आहे. एका माणसाला एका दिवसात यातल्या दोन-तीन सेवा वापराव्या लागतात. कार्ड हवंच, त्याबद्दल माझं दुमत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. अनामत म्हणजे माझे पैसे तुमच्याकडे ठेवलेले. ते परत कधी, कुठे, कोणत्या कागदावर मिळतील हे घेतानाच सांगायला हवं. आणि शुल्क असेल तर तसं स्पष्ट सांगा, मग घ्यायचं की नाही ते माणूस ठरवेल. समजा कार्डामागे ५० रुपये अडकले, तर ही रक्कम आपल्यापैकी अनेकांना किरकोळ वाटेल. बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं मे २०२५ पासून १० रुपये झालंय. त्या हिशेबाने ५० रुपये म्हणजे पाच तिकिटं. हातावर पोट असलेल्या माणसासाठी ते अडीच दिवसांचं येणं-जाणं झालं.

तुमच्याकडे कोणतं कार्ड आहे? अनामत दिलीत का? परत घेतलीत का? जे ठाऊक असेल ते लिहा.

---

लोकलवाला

चांगला धागा. रेल्वेपुरतं सांगतो.

स्टेशनवर आपलं आपण तिकीट काढायच्या एटीव्हीएम मशीनसाठी जे स्मार्टकार्ड मिळतं, त्याला ५० रुपये अनामत असते आणि ती परत मिळते. कार्ड खिडकीवर जमा करायचं, अनामत आणि उरलेली शिल्लक घ्यायची. माझ्या वडिलांचं कार्ड मी असंच जमा केलं. खिडकीवरच्या बाईंनी एक छोटा अर्ज भरून घेतला आणि काम झालं.

रिचार्जवर ३ टक्के बोनस मिळतो हेही अनेकांना माहीत नसतं. मशीनपाशी उभे राहून तिकीट काढून देणारे जे काका असतात ना, ते बहुतेक निवृत्त रेल्वे कर्मचारी. त्यांची कमाई त्या बोनसमधूनच होते, प्रवाशाकडून जास्तीचा पैसा घ्यायचा नसतो. आता मशीनवर यूपीआयचा क्यूआरही येतो, त्यामुळे अधूनमधून प्रवास करणाऱ्याला या कार्डाची तशी गरज उरलेली नाही. रोजचा प्रवासी तर पासवरच असतो.

फक्त हे लक्षात घ्या: हे कार्ड बसला चालत नाही आणि मेट्रोलाही चालत नाही.

---

वाशीकर_काकू

मग "एक देश एक कार्ड" म्हणतात ते कुठलं? माझ्याकडे बँकेचं नवीन डेबिट कार्ड आलंय, त्यावर वायफायसारखं चिन्ह आहे. ते चालेल का? आणि मुलगी अंधेरीला जाते, ती मेट्रोत कार्ड टेकवते. त्यात तिने ॲपवरून पैसे भरले तरी गेटवर "बॅलन्स कमी" येतं. हा काय प्रकार आहे, कुणी नीट समजावून सांगेल का?

---

ऐरोलीचा_अभियंता

काकू, तुमच्या मुलीला जो त्रास होतोय तो या कार्डांबाबतचा सगळ्यात मोठा गोंधळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं कामच या क्षेत्रातलं आहे.

तुम्ही म्हणताय ते एनसीएमसी, म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड. मार्च २०१९ मध्ये अहमदाबादला त्याची सुरुवात झाली. रुपे या आपल्या देशी कार्डव्यवस्थेवर चालतं. मेट्रो २अ आणि ७ वर जानेवारी २०२३ पासून मिळणारं "मुंबई १" कार्ड याच जातीचं. बेस्टनेही आपलं एनसीएमसी कार्ड काढलं आहे.

आता पैसे कुठे असतात ते बघा. या कार्डाला दोन खिसे असतात. एक बँकेच्या किंवा कंपनीच्या सर्व्हरवर, दुसरा कार्डाच्या चिपमध्ये. गेटवर किंवा बसच्या मशीनवर कार्ड टेकवलं की मशीन बँकेला काहीही विचारत नाही. चिपमध्ये जे आहे त्यातून भाडं तिथल्या तिथे कापतं. तशी रचना मुद्दाम केली आहे, कारण गर्दीच्या वेळी गेटवर प्रत्येक माणसामागे सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत बसलं तर रांग जिन्यापर्यंत जाईल. शिवाय भुयारात, बोगद्यात, चालत्या बसमध्ये नेटवर्क असेलच असं नाही.

पण घरी बसून ॲपवर रिचार्ज केलात तर पैसे पहिल्या खिशात पडतात. चिपला त्याचा पत्ताच नसतो. ते पैसे चिपमध्ये उतरवायला कार्ड एकदा स्टेशनच्या काउंटरवर किंवा तिथल्या मशीनवर टेकवून "बॅलन्स अपडेट" करून घ्यावं लागतं. काही कंपन्यांच्या ॲपमध्ये एनएफसी (कार्ड टेकवून वाचायची सोय) असलेल्या फोनच्या पाठीला कार्ड लावूनही हे होतं. तुमच्या मुलीचे पैसे बुडालेले नाहीत. काउंटरवर फक्त "बॅलन्स अपडेट करून द्या" एवढं म्हणायला सांगा.

तुमच्या डेबिट कार्डाबद्दल: वायफायसारखं चिन्ह असणं पुरेसं नाही. ते रुपेचं असावं लागतं आणि त्यावर एनसीएमसीचं चिन्हही असावं लागतं. असेल तर वेगळं कार्ड घ्यायची, म्हणून अनामत द्यायचीही गरज नाही. पण त्यातला ऑफलाइन भाग आधी सुरू करून त्यात पैसे भरावे लागतात. खात्यात लाखभर रुपये असले तरी गेट ते बघत नाही. या ऑफलाइन भागात एका वेळी जास्तीत जास्त २,००० रुपये राहू शकतात.

मूळ प्रश्नाशी संबंधित आणखी एक गोष्ट. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने फक्त सार्वजनिक वाहतुकीसाठीची कार्डं केवायसीशिवाय द्यायला परवानगी दिली. आधार नाही, पॅन नाही, काउंटरवर मागितलं की मिळतं. घरकाम करणाऱ्या ताईंसारख्यांना ते सोयीचं आहे. त्यात कमाल ३,००० रुपये ठेवता येतात आणि मुदत संपण्याची भानगड नाही. पण त्यातली शिल्लक रोख काढता येत नाही आणि तिचा परतावाही मिळत नाही. भरलेत ते प्रवासातच खर्च करायचे. म्हणून अशा कार्डात आठवड्यापुरतेच पैसे टाका असं मी सगळ्यांना सांगतो.

---

घोडबंदरकर

अभियंता साहेब, खूप आभार. म्हणजे दोन वेगळे प्रश्न आहेत: कार्ड घेताना दिलेली रक्कम आणि कार्डात भरलेली शिल्लक. काउंटरवर दोन्ही एकाच दमात सांगतात, त्यामुळे माणूस गोंधळतो. त्या ताईंना आजच सांगतो की एकदम पाचशे भरू नका.

---

वाशीकर_काकू

समजलं हो! मुलीला फोन केला, तिचं काम झालं.

आता एक सांगा, कार्ड हरवलं तर?

---

ऐरोलीचा_अभियंता

चिपमधले पैसे गेले असं धरा. ज्याच्या हातात कार्ड त्याचे पैसे, कारण गेट पिन विचारत नाही. बँकेचं कार्ड असेल तर फोन करून ते ब्लॉक करा, खात्यातले पैसे सुरक्षित राहतील. पण चिपमधली शिल्लक बँक भरून देत नाही.

---

तलावपाळी

माझं मत थोडं वेगळं आहे. आता कार्डाच्या मागे लागायचंच कशाला? ८ ऑक्टोबर २०२५ ला "मुंबई वन" ॲप आलं. त्यात ११ सेवा आहेत: लोकल, मेट्रो १, २अ-७, ३, नवी मुंबई मेट्रो, मोनो, बेस्ट, टीएमटी, एनएमएमटी, कल्याण-डोंबिवली आणि मीरा-भाईंदरच्या बसगाड्या. एकदा क्यूआर काढला की बस, त्यापुढे मेट्रो, सगळं एका जागी. अनामत नाही, शिल्लक अडकत नाही, जेवढा प्रवास तेवढे पैसे. मी ठाण्याहून कफ परेडपर्यंत असाच जातो.

(नावावरून घोळ होतो म्हणून लिहितो. "मुंबई १" हे कार्ड आणि "मुंबई वन" हे ॲप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.)

अनामतीवर वाद घालण्यापेक्षा लोकांना यूपीआय शिकवणं सोपं आहे, असं मला मनापासून वाटतं.

---

निवृत्त_वाहक

तलावपाळी, तुमची सोय होते हे चांगलंच आहे. पण मी आयुष्य बसमध्ये उभ्याने काढलंय, म्हणून गाडीत काय होतं ते सांगतो.

सकाळची गाडी ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावरून सुटते तेव्हा दारापर्यंत माणूस भरलेला असतो. पुढचा थांबा येईपर्यंत निदान मागच्या दाराची तिकिटं व्हायला हवीत. पूर्वी त्रास सुट्ट्यांचा होता. दहाच्या तिकिटाला पन्नासची नोट यायची. मग आम्ही तिकिटाच्या मागे पेनने "४०" लिहून त्याला गोल करायचो आणि सांगायचो, उतरताना घ्या. उतरताना माणूस पुढच्या दाराशी, मी मागच्या. मधे साठ माणसं. कित्येकांचे पैसे त्या गोलातच राहिले. रात्री डेपोत हिशेब देताना जास्तीचे निघाले की मनाला लागायचं, कारण ते कुणाचे होते हे कळायचा मार्ग नसायचा.

मग यूपीआय आलं. आता बघा, माणूस एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने फोन काढतो, क्यूआर स्कॅन करतो आणि स्क्रीनवरचं चक्र फिरत राहतं. कोपरी पुलाखाली किंवा तीन हात नाक्याला गाडी अडकली की नेटवर्कही अडकतं. त्याचे पैसे कापले जातात, माझ्या मशीनवर येत नाहीत. तो म्हणतो दिले, मी म्हणतो आले नाहीत, दोघंही खरं बोलत असतो. तोवर मागची दहा माणसं बिनतिकीट पुढे सरकलेली.

कार्ड टेकवलं की एक बीप आणि तिकीट बाहेर. वाहकाला याहून चांगलं काही नाही. फक्त वर अभियंता साहेबांनी सांगितलंय तो प्रकार झाला, म्हणजे रात्री रिचार्ज केलेलं असूनही मशीनने शिल्लक नाही म्हटलं, तर शब्द वाहकाला ऐकावे लागतात. त्याला ते दोन खिसे कुणी शिकवलेलेच नसतात. प्रशिक्षणात मशीनची बटणं शिकवतात, पण कार्ड का नाकारलं गेलं आणि प्रवाशाला काय सांगायचं, यासाठी अर्धा तासही कुणी काढत नाही. तेवढं केलं तर निम्मी भांडणं मिटतील.

आणि म्हाताऱ्या माणसांचं काय? शाळेच्या पोरांचं काय? सगळ्यांच्या हातात फोन देता येत नाही. कार्ड राहायलाच हवं. ते घेताना गरिबाला भुर्दंड पडू नये, एवढंच.

---

सीवूड्सची_स्नेही

काका, तुमची पोस्ट घरात सगळ्यांना वाचून दाखवली.

मी नोकरीनिमित्त काही वर्षं हाँगकाँगला होते. तिथलं ऑक्टोपस कार्ड १९९७ पासून आहे. बस, ट्रेन, फेरीबोट, किराणा दुकान, सगळीकडे चालतं. त्यालाही अनामत आहे, ५० हाँगकाँग डॉलर. पण त्या अनामतीचं काम काय, ते कार्ड घेतानाच कळतं. कार्डात थोडे पैसे उरले असतील आणि भाडं जास्त झालं, तरी गेट तुम्हाला अडवत नाही. शिल्लक एकदा उणे ५० पर्यंत जाऊ देतं. त्या उण्याची हमी म्हणजे तुमची अनामत. कार्ड नको असेल तर परत करा, शिल्लक आणि अनामत हातात घ्या.

माझा भाऊ लंडनला असतो. तिथल्या ऑयस्टर कार्डासाठी आधी अनामत घेत आणि ती परत देत. आता ते सरळ शुल्क झालंय, परत मिळत नाही. पण ज्याला ते द्यायचं नाही त्याला बँकेचं कुठलंही कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवून जाता येतं, बसमध्ये २०१२ पासून, भुयारी रेल्वेत २०१४ पासून. दिल्ली मेट्रोच्या कार्डाला ५० रुपये अनामत असते, तीही परत मिळते.

म्हणजे तिन्ही ठिकाणी पद्धत वेगळी, पण नियम प्रवाशाला ठाऊक असतो. अनामत घेतली तर बदल्यात काही तरी देतात, शुल्क घेतलं तर दुसरा रस्ता मोकळा ठेवतात. आपल्याकडे अनामत घेतल्यावर प्रवाशाच्या पदरात काय पडतं, हा प्रश्न घोडबंदरकरांनी योग्य विचारलाय.

---

तलावपाळी

वाहक काका, तुमचं पटलं. मी एकटा, फोन चार्ज असलेला, इंग्रजी वाचता येणारा प्रवासी धरून विचार करत होतो. कार्ड आणि ॲप दोन्ही हवं हे मान्य.

मग तक्रार करायची तर कुठे? काउंटरवर खेटे घालून कुणाला काही मिळालंय का?

---

कायदा_आणि_फायदा

दोन वाटा आहेत. कार्ड कुणी दिलंय त्यावर वाट ठरते, म्हणून आधी कार्डाची मागची बाजू वाचा.

मागे बँकेचं किंवा वॉलेट कंपनीचं नाव असेल तर तिच्याकडे लेखी तक्रार करा. ईमेल चालेल, पण तक्रार क्रमांक घ्याच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२१ पासून सगळ्या तक्रारींसाठी एकच योजना आहे. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. पावती नसेल तर यूपीआयची नोंद, कार्डाचा फोटो, खरेदीची तारीख, जे असेल ते जोडा.

कार्ड परिवहन सेवेने स्वतःच दिलेलं असेल तर लोकपाल कामाचा नाही. पण महापालिकेच्या परिवहन सेवा माहिती अधिकारात येतात. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर प्रथम अपील. लक्षात ठेवा, महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा. लोक चार पानं लिहितात आणि त्याच कारणावरून अर्ज परत येतो. मत मांडू नका, "का" विचारू नका. कागदावर असलेली माहिती मागा: परिपत्रक, दरपत्रक, आकडा.

---

घोडबंदरकर

हेच हवं होतं. खाली मसुदा टाकतोय, वाचून सुधारणा सुचवा.

*विषय: प्रवासी कार्डांवरील अनामत रक्कम व शुल्काबाबत माहिती.*

*१. आपल्या सेवेतर्फे किंवा आपल्या काउंटरवरून दिल्या जाणाऱ्या प्रवासी कार्डांसाठी घेतल्या जाणाऱ्या रकमेपैकी अनामत किती व शुल्क किती, हे ठरवणाऱ्या आदेशाची प्रत द्यावी.*

*२. अनामत परत करण्याची कार्यपद्धती, त्यासाठी लागणारी कागदपत्रे व परताव्याची ठिकाणे यांबाबतच्या परिपत्रकाची प्रत द्यावी.*

*३. मागील तीन आर्थिक वर्षांत दिलेली कार्डे, जमा झालेली अनामत व परत केलेली अनामत यांचे वर्षनिहाय आकडे द्यावेत.*

*४. कार्ड विक्रीच्या वेळी पावती देणे बंधनकारक असल्यास त्या आदेशाची प्रत द्यावी.*

---

निवृत्त_वाहक

पाचवा मुद्दा घाला. वाहकांना आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांना या कार्डांबद्दल दिलेल्या लेखी सूचनांची प्रत. सूचनाच नसतील तर तेही कागदावर येईल.

---

कायदा_आणि_फायदा

मसुदा नेमका आहे, काकांचा मुद्दा घातला तरी १५० शब्दांत बसतो. तिसऱ्या मुद्द्यात आर्थिक वर्षांची नावं स्पष्ट लिहा, "मागील तीन" म्हटलं की पळवाट मिळते. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करा. एकाच अर्जात दोन संस्था घालू नका.

---

वाशीकर_काकू

नवी मुंबईचा अर्ज मी देते. सीबीडीला मला नाहीतरी जायचंच असतं, पोच घेऊन इथे फोटो टाकते. घोडबंदरकर, त्या दोन ताईंना विचारा, त्यांची नावं न घालता कार्डाचा आणि भरलेल्या रकमेचा उल्लेख तक्रारीत केला तर चालेल का. त्यांना चालणार असेल तरच करू.

---

घोडबंदरकर

विचारलं. धाकटी म्हणाली, नाव घातलं तरी चालेल, पैसे तिचे आहेत. मोठी नको म्हणाली. म्हणून तक्रार एकीच्याच कार्डावर करतोय. कार्डाच्या मागे बँकेचं नाव निघालं, त्यामुळे पहिली वाट धरली आहे. ईमेल गेला, तक्रार क्रमांक आला. ठाण्याचा माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी देईन.